काटकसरीची विद्या

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. १९९८ साली नंदुरबार स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यात मोडत असे, आणि तापीकाठच्या या बाजाराचा लौकिक आजही अवघ्या खानदेशात आहे. जाणते गिऱ्हाईक तेथे खोगिराची झालर पाहत नाही. ते घोड्याचे ओठ वर करून दात तपासते, खूर उचलून पाहते, जनावर चार पावले चालवून बघते आणि मगच किमतीचा शब्द तोंडातून काढते. ज्याच्या कनवटीला मोजकेच पैसे असतात, त्याला ही रीत अधिक काटेकोरपणे पाळावी लागते. श्रीमंताचा घोडा लंगडा निघाला तर तो दुसरा घेतो. गरिबाचे मात्र वर्ष बुडते.

वाचकहो, आज ज्या वस्तूविषयी लिहावयाचे योजले आहे ती घोड्याहून पुष्कळच लहान आहे. तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. धर्मगुरूच्या लेखणीला हा विषय शोभतो का, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. परंतु गेल्या काही वर्षांत धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देताना हा विषय मला इतक्या घरांत भेटला आहे की, त्याच्याकडे पाठ फिरवणे बरे दिसणार नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर भरू लागले. तेव्हा जळगाव, भुसावळ, धुळे येथील अनेक साध्या घरांत प्रथमच संगणक आला. तो बहुधा कोणत्या तरी कार्यालयाने वापरून काढून टाकलेला, सेकंड हँड, काळ्या पेटीचा संगणक असे. शाळा पुन्हा सुरू झाल्या. संगणक घरातच राहिला. आता मुले म्हणतात, यावर थोडे खेळता आले तर? आणि दुकानदार म्हणतो, त्यासाठी कार्ड घ्यावे लागेल. तेथून घरात वाद सुरू होतो.

हे कार्ड करते तरी काय? संगणकाचा पडदा म्हणजे अतिसूक्ष्म ठिपक्यांची जाळी. आजकाल सर्रास मिळणाऱ्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. खेळ सुरळीत दिसावा म्हणून हे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रंगवावे लागते. याचा अर्थ, दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार असला तरी तो मोजक्या हातांचा कारागीर आहे. ग्राफिक्स कार्डावरील चिपमध्ये शेकडो लहान लहान गणकयंत्रे एकाच वेळी राबतात. कापूस वेचणीला एका निष्णात माणसापेक्षा शंभर मजूर बरे, तसेच हे. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने 'जीफोर्स २५६' हे कार्ड बाजारात आणले आणि अशा चिपला 'जीपीयू' हे नाव रूढ केले. या धंद्यातील दुसरी मोठी कंपनी म्हणजे एएमडी. तिने २००६ साली एटीआय ही जुनी कंपनी विकत घेऊन या क्षेत्रात पाऊल टाकले.

हा हिशेब ध्यानात ठेवला म्हणजे पहिली काटकसर आपोआप सुचते. जुन्या लहान पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके असतात. त्याला रंगवण्याचे काम जवळजवळ निम्मे. म्हणून ज्याच्या घरी जुना मॉनिटर आहे त्याने लाजू नये. त्याला लहान कार्डही पुरते.

आता एका कुटुंबाची हकिगत सांगतो. वडील जळगावच्या एका दाल मिलमध्ये यंत्रदुरुस्तीचे काम करतात. आई शिवणकाम करते. थोरला मुलगा भोसरीला कारखान्यात पाळीवर आहे, धाकटा अकरावीत शिकतो. दोन्ही भावांत सहा वर्षांचे अंतर, तरी जीव एकमेकांवर. थोरला घर सोडून गेल्यापासून धाकटा अबोल झाला होता. थोरल्याच्या खोलीवरील सोबत्याकडे संगणक आहे आणि रविवारी संध्याकाळी ते 'रॉकेट लीग' हा खेळ खेळतात. मोटारींनी फुटबॉल खेळावयाचा, असा हा गमतीचा खेळ २०१५ साली आला आणि २०२० पासून तो विनामूल्य मिळतो. धाकट्याला घरून त्यात सामील व्हावयाचे होते, पण त्याच्या संगणकावर चित्र अडखळत चाले. मोटार गोलपाशी पोहोचण्याआधीच चेंडू नाहीसा झालेला असे.

त्या वर्षी आईला भिशीचे बारा हजार रुपये मिळाले. सात हजार छपराच्या पत्र्यांना गेले आणि उरलेले पाच हजार तिने धाकट्याच्या हाती ठेवले. वडिलांना हे मुळीच रुचले नाही. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, तुम्हीच सांगा त्याला. खेळासाठी पाच हजार? आपलं काम आहे का हे?"

त्यांच्या बोलण्यात राग होता आणि रागाखाली भीती होती. वर्तमानपत्रांत मोबाइलवरील पैशाच्या खेळांनी बरबाद झालेल्या तरुणांच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. मी त्यांना प्रथम हा भेद सांगितला. पैसे लावून खेळण्याचे जे ऑनलाइन खेळ आहेत, त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला; मात्र त्याच कायद्याने निव्वळ मनोरंजनाच्या आणि कौशल्यस्पर्धेच्या खेळांना मान्यता दिली आहे. आपला मुलगा मागतो आहे ते दुसऱ्या प्रकारचे. मग सेमिनरीत शिकलेली एक गोष्ट आठवली. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या महाग्रंथात, खेळण्यातही सद्गुण असू शकतो का, असा प्रश्न घेऊन त्याचे उत्तर होकारार्थी दिले आहे. शरीर थकते तसे मनही थकते, आणि सदैव ताणून ठेवलेले धनुष्य मोडते, हा दृष्टान्त ते तेथे देतात. प्रमाण मात्र सुटू नये, हीही त्यांची अट आहे. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. पण पैसा वाया जाता कामा नये." मी म्हटले, "त्यासाठी तुमचीच मदत लागेल."

कमी पैशांत कार्ड निवडणाऱ्याने बाजारात जाण्यापूर्वी घरातील पेटी उघडावी, हा माझा आग्रह असतो. त्या संगणकात आठ जीबी रॅमची एकच पट्टी होती. ज्या यंत्रात वेगळे कार्ड नसते, तेथे चित्र रंगविण्याचे काम प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स करते आणि त्यासाठी हीच रॅम वापरते. एका पट्टीऐवजी सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या, तर माहितीच्या येण्याजाण्याला दोन वाटा मिळतात आणि खेळातील फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून कार्डाचा विचार करण्यापूर्वी धाकट्याने मावसभावाकडून एक पट्टी चार दिवसांसाठी उसनी आणून प्रयोग केला. त्याच्या आवडीचा 'क्रिकेट ०७' तर आधीपासूनच चालत होता. 'व्हॅलोरंट' हा २०२० चा खेळही, २०१२ च्या प्रोसेसरमध्ये असलेल्या 'इंटेल एचडी ४०००' या अंगभूत ग्राफिक्सवर चालू शकतो, असे त्याच्या निर्मात्यांनीच जाहीर केलेले आहे. पुष्कळ घरांची गरज येथेच भागते आणि एक रुपयाही कार्डावर खर्च करावा लागत नाही. रॉकेट लीग मात्र सुधारला तरी खेळण्याजोगा झाला नाही. गरज खरी आहे, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

मग वीज. मदरबोर्डावरील ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसते, तो स्लॉट कार्डाला अधिकात अधिक ७५ वॅट पुरवू शकतो. त्याहून भुकेल्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर द्यावी लागते, आणि कार्यालयीन संगणकांत ती बहुधा नसतेच. येथे वडिलांनी चष्मा लावला. आयुष्यभर मोटारींवरील पट्ट्या वाचलेल्या त्या माणसाने पेटीच्या कडेचा कागद वाचून सांगितले, "दोनशे चाळीस वॅट." मुलाकडून त्यांनी एकेक आकडा विचारून घेतला. प्रोसेसर ६५, कार्ड ७५, बाकीच्या गोष्टींना पन्नासेक. "एकशे नव्वद झाले. चालंल. पण याच्या वर जायचं नाही. मोटार काठावर चालवली की जळते." मुलगा त्यांच्याकडे पाहत राहिला. संगणक ही आपली विद्या आणि वडील त्यात अडाणी, अशी त्याची समजूत असावी. त्या संध्याकाळी पट्टी घेऊन कॅबिनेटची उंची आणि स्लॉटशेजारची मोकळी जागाही वडिलांनीच मोजली. कॅबिनेट अरुंद होते. पूर्ण उंचीचे कार्ड त्यात मावणार नव्हते, अर्ध्या उंचीचेच घ्यावे लागणार होते. पाच मिनिटांच्या त्या मोजमापाने बाजारातील निम्मी कार्डे यादीतून गळाली.

बापलेक दोघे जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फिरून आले आणि नंतर शहरातील आणखी काही दुकाने त्यांनी पालथी घातली. एका दुकानात त्यांच्यापुढे 'जीटी ७३०' चा कोरा करकरीत डबा ठेवण्यात आला. डब्यावर मोठ्या अक्षरांत '४ जीबी' लिहिलेले. विकणारा म्हणाला, चार जीबी आहे, सगळे खेळ चालतील. हीच ती खोगिराची झालर. वस्तूचे सार वेगळे आणि तिला चिकटलेले गुण वेगळे, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा आम्हांला सेमिनरीत घोकावा लागे. या बाजारात तो फार उपयोगी पडतो. चार जीबी हा कार्डावरील मेमरीचा साठा झाला. खानदेशातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: विहिरीत पाणी कितीही असो, पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर केळीच्या बागेला ते पुरत नाही. कार्डाचा पाइप म्हणजे मेमरीचा वेग. 'जीटी ७३०' हे कार्ड २०१४ सालचे. त्याचे एकाच नावाखाली निरनिराळे प्रकार निघाले आणि डीडीआर३ मेमरीच्या प्रकाराचा वेग जीडीडीआर५ प्रकाराच्या तुलनेत फारच तोकडा आहे. शिवाय या पिढीतील कार्डांसाठी नव्या खेळांना अनुरूप सुधारणा २०२१ मध्येच थांबल्या.

नावाचा असाच फसवा खेळ 'जीटी १०३०' च्या बाबतीत झाला. २०१७ साली ते जीडीडीआर५ मेमरीसह आले. तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड विकले जाऊ लागले. त्याचा वेग १६.८ जीबी, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. नाव तेच, वस्तू दुसरी. म्हणून डब्यावरील मोठी अक्षरे सोडून बारीक अक्षरांतील मेमरीचा प्रकार वाचावा. ते हातचे घोड्याचे दात होत.

मग घेण्याजोगी कार्डे कोणती? वेगळ्या वायरीची गरज नसलेली चार नावे मी सांगत असतो. 'जीटीएक्स १०५० टीआय' हे २०१६ चे, चार जीबी जीडीडीआर५, वेग ११२ जीबी, वीज ७५ वॅट. 'जीटीएक्स १६५०' हे २०१९ चे, तेवढ्याच विजेत अधिक काम करणारे. एएमडीचे 'आरएक्स ६४००' हे २०२२ चे, केवळ ५३ वॅटचे आणि लहान. परंतु ते स्लॉटच्या चारच वाटा वापरते, त्यामुळे जुन्या पीसीआय ३.० मदरबोर्डावर त्याचा जोर घटतो. आणि ऐपत असेल तर २०२४ चे 'आरटीएक्स ३०५०', पण सहा जीबीचे, कारण तेच ७० वॅटमध्ये भागते. त्याच नावाच्या आठ जीबीच्या कार्डाला वेगळी वायर लागते. 'आरएक्स ५८०' हे २०१७ चे कार्ड सेकंड हँड बाजारात स्वस्त दिसते, पण ते १८५ वॅट खाते. स्वस्त कार्डासाठी नवा पॉवर सप्लाय आणि नवे कॅबिनेट घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आयुष्याचा विचारही करावा लागतो. '१०५० टीआय' च्या पिढीसाठी नव्या खेळांच्या सुधारणा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबल्या. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. '१६५०' पुढच्या पिढीचे असल्याने त्याला ही मर्यादा नाही. 'विंडोज १०' चे नियमित पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर 'विंडोज ११' च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. तेव्हा म्हाताऱ्या बैलाला नवी चांदीची घुंगरे बांधू नयेत. कार्डाची किंमत जुन्या संगणकाच्या किमतीहून अधिक होऊ लागली की थांबावे.

धुळ्याच्या एका शिक्षिकेने मला नेमके याच सुमारास विचारले होते. त्यांना मुलीसाठी संपूर्ण नवाच संगणक घ्यावयाचा होता. त्यांना मी कार्ड घेऊच नका असे सुचविले. एएमडीच्या २०२१ मधील 'रायझेन ५ ५६००जी' सारख्या प्रोसेसरचे अंगभूत ग्राफिक्स हलक्या खेळांना पुरते. त्यासोबत रॅमच्या दोन पट्ट्या तेवढ्या घ्याव्यात. पुढे हात सैल झाला तर कार्डाचा स्लॉट मोकळाच आहे.

दाल मिलच्या त्या कुटुंबाला पाच हजारांत सेकंड हँडखेरीज गत्यंतर नव्हते. या बाजारालाही इतिहास आहे. २०२० ते २०२२ या काळात इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी जगभर कार्डांची लयलूट झाली आणि साध्या कार्डांचेही भाव भडकले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धतच बंद केली, तेव्हा रात्रंदिवस तापलेली कार्डे बाजारात आली. सगळीच वाईट नसतात, परंतु चालवून पाहिल्यावाचून घेऊ नयेत. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे खोटे नाव चढवून विकण्याचेही प्रकार झाले आहेत. 'जीपीयू-झेड' हा मोफत प्रोग्राम चिपची खरी ओळख सांगतो. तो पेन ड्राइव्हवर सोबत न्यावा. अर्धा तास खेळ चालवावा, पंख्याचा आवाज ऐकावा, पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटतात का ते बघावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि धूळ बारा महिने. म्हणून पंख्याच्या पात्यांत साचलेली धूळ हीदेखील कार्डाची जन्मपत्रिकाच समजावी.

बापलेक एस.टी.ने धुळ्याला गेले. तेथे अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आपले अर्ध्या उंचीचे '१०५० टीआय' विकत होता. त्याच्या घरी बसून धाकट्याने सगळ्या परीक्षा घेतल्या. वडिलांनी पंख्याला कान लावला आणि "बेअरिंग चांगली आहे" असा निर्वाळा दिला. सौदा चार हजार दोनशेला तुटला. कार्डासोबत पूर्ण उंचीची धातूची पट्टी होती, अर्ध्या उंचीची हरवलेली. ती नसती तर अरुंद कॅबिनेटमध्ये कार्ड घट्ट बसले नसते. मुलाचा चेहरा उतरला. वडील म्हणाले, "पत्र्याचंच काम आहे ना? मी कशाला आहे?"

दुसऱ्या दिवशी मिलमधील सुटीच्या वेळात त्यांनी पत्रा कापला, वाकवला, मॉनिटरच्या वायरीसाठी खिडकी काढली आणि कानशीने कडा घासून गुळगुळीत केल्या. मी ती पट्टी पाहिली आहे. कंपनीची पट्टी तिच्यापुढे ओबडधोबड वाटेल.

गरीब घरांत नवी वस्तू येते तेव्हा मुलांना वाटते की, आपल्या आईवडिलांच्या शहाणपणाची हद्द येथे संपली. माझा अनुभव निराळा आहे. वस्तूचे नाव नवे असते. तिला पारखण्याची विद्या, म्हणजे आधी गरज तपासणे, घरात काय आहे ते मोजणे, काठावर न चालवणे, चालवून पाहिल्यावाचून पैसे न देणे, ही त्या घरांत पिढ्यान्पिढ्या नांदत असते. मुलांनी आकडे सांगावेत, वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारावेत. त्या दोघांच्या मधोमध जो निर्णय होतो, तो सहसा चुकत नाही.

उरलेल्या आठशे रुपयांतून एस.टी.चे भाडे वजा जाता जे राहिले, ते आईने परत मागून घेतले आणि पुढच्या भिशीच्या हप्त्यात घातले. रविवारी संध्याकाळी दोन तास, हे प्रमाण वडिलांनी ठरविले आहे. भोसरीहून थोरला हाक देतो, धाकटा इकडून ओरडतो, आणि वडील मागच्या खुर्चीवर बसून चेंडू कोठे गेला ते विचारीत असतात.